जन्मतारीख : १ जून

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहा. उर्दू शाळा असो की मराठी, जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, पुन्हा १ जून. सगळे गाव जणू एकाच दिवशी जन्माला आले! कारण आपल्याला ठाऊक आहे. बाळंतपण घरी व्हायचे, नोंद कुठेच नसायची. अम्मीला विचारले तर ती सांगायची, "रमजानच्या आधी झाला", नाहीतर "दुष्काळाच्या साली". उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला की मूल सहाचे झाले, असे गुरुजी धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून मोकळे व्हायचे. निजामाच्या अमदानीतल्या नोंदी तर फसली सनातल्या. त्यात ५९० मिळवावेत तेव्हा इसवी सन निघते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ही रजिस्टरे आमच्या हातून जातात. निर्गम उतारा मागायला लोक येतात ते नोकरीसाठी, पासपोर्टसाठी, जातीच्या दाखल्यासाठी. पण याच रकान्यावर एखाद्याची फाशी अवलंबून असू शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले. ते ज्या खटल्यामुळे कळले तो महाराष्ट्रातलाच आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले मारली गेली. स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. राजस्थानातून आलेल्या तरुणांना अटक झाली. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांतल्या दोघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. त्यांतल्या एकाचे वय पोलिसांच्या कागदांत विशीच्या घरातले लागले होते. वर्षे गेली. मग त्याच्या गावच्या शाळेचा दाखला पुढे आला. त्यात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने शाळेची नोंद ग्राह्य धरली आणि त्याला सोडण्याचा हुकूम दिला. कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला, त्यातला बराच फाशीच्या छायेत. गुन्हा घडला तेव्हा तो मूल होता. मुलाचे नाव छापू नये असे कायदा सांगतो, म्हणून आम्हीही ते लिहीत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मुलाला फाशी नको, हे काही २०२३ मध्ये सुचलेले नव्हते. १८६० च्या दंड संहितेनेच सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा मानले नाही आणि सात ते बारा वयात मुलाची समज पाहायला सांगितली. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याने मुलांसाठी वेगळा कायदा केला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. केंद्राचे कायदे इकडे सरसकट लागू झाले ते पोलीस ॲक्शननंतर, १९५१ मध्ये. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलींना फाशी व तुरुंग दोन्हींपासून दूर ठेवले. म्हणजे पुण्याच्या खटल्याच्या वेळी कायदा होता, शाळेत नोंदही होती. फक्त ती नोंद न्यायाधीशाच्या मेजापर्यंत पोचली नाही.

२००० च्या कायद्याने मुलग्यांचीही मर्यादा अठरावर नेली. २००६ च्या दुरुस्तीने अल्पवयीन असल्याचा दावा निकालानंतरही, कोणत्याही टप्प्यावर करण्याची मुभा दिली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर लोकमत पेटले आणि २०१५ चा कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खुनासारखा अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासते आणि प्रौढाप्रमाणे खटला चालावा असे वाटल्यास त्याला बालन्यायालयाकडे पाठवू शकते. फाशी तरीही नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. आता आपला १ जून आठवा. नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाला गुरुजींनी पाच महिने मोठे केले, तर सोळाच्या उंबरठ्यावर आणि पुन्हा अठराच्या उंबरठ्यावर त्याचे नशीब त्या पाच महिन्यांत अडकते.

प्रौढ कैद्याचे काय? तिथेही कलमापेक्षा कागद मोठा ठरत आला आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. गांधीजींच्या खुनाच्या कटात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसेने सूट धरून आपली वीस वर्षे भरली, असा दावा केला. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतची कैद, सूट देणे न देणे सरकारच्या हाती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले. त्याच साली नौदलाचे अधिकारी नानावटी यांची जन्मठेपही कायम झाली. आणि १९६४ मध्ये दोघेही बाहेर आले! गोडसेला सरकारने सोडले, नानावटींना राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. जे चर्चेत नव्हते असे किती कैदी त्या साली आत राहिले, याचा विचार कोणी केला नाही. पुढे १९७८ मध्ये संसदेने बंधन घातले. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार प्रत्यक्ष चौदा वर्षे भरल्याशिवाय मुदतपूर्व सोडू शकणार नाही. चौदा हा किमान आकडा आहे, हक्क नव्हे. महाराष्ट्र सरकारने १९९२, २००८ आणि २०१० मध्ये आपली धोरणे ठरवून कैद्यांचे वर्ग पाडले. १९५९ च्या नियमांनी संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, दिली. पण रजा मिळायची ती गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल पाहून. राज्यात मुस्लिमांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअकरा टक्के होती. तुरुंगांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक असल्याचे सरकारी अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले. तेव्हा हे अहवाल कोण आणि कसे लिहितो, हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. बिल्किस बानो यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गुजरातबाहेर मुंबईत आणला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडले. मुंबईच्या विशेष न्यायाधीशांचे मत विरोधात होते, तरीही सोडले. ज्या बाईची तीन वर्षांची मुलगी मारली गेली, तिला कोणी विचारले नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा सुटीचा निर्णय महाराष्ट्राचा, असे ठरले आणि अकराही जण तुरुंगात परतले.

शरियतमध्ये किसासबरोबर माफीचाही दरवाजा आहे, पण त्याची किल्ली मयताच्या वारसांकडे असते. १७९० नंतर कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये ती किल्ली वारसांकडून काढून सरकारकडे घेतली. त्यात काही भलेही झाले. गरीब वारसावर दडपण आणून माफी लिहून घेणे थांबले. पण माफीचा हक्क सरकारने घेतला, तर जखमी माणसाचे ऐकून घेण्याची जबाबदारीही त्याने घ्यायला नको का?

मुलाच्या बाबतीत मात्र शरियत आणि कायदा एकाच ठिकाणी येतात. मूल जाणते होईपर्यंत त्याच्यावरून कलम उचलली गेली आहे, हे आपण मदरशात शिकलो आहोत. नाबालिगावर किसास नाही. पण तो नाबालिग आहे, हे दाखवायला दुसरी कलम लागते, ती रजिस्टरात लिहिणाऱ्या शिक्षकाची.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेसाठी जन्मदाखलाच लागणार आहे. त्यांच्यापुरता १ जून संपला म्हणायचा. त्याआधी जन्मलेली, आज वर्गात बसलेली मुले आहेतच. वय कमी लिहा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. खोटी तारीख हा मयताच्या घरच्यांवर जुलूम आहे आणि गुनाहही. आम्ही एवढेच ठरवले आहे की दाखल्याला आलेल्या आईला घाईने परत पाठवायचे नाही. दवाखान्याचा कागद, लसीचे कार्ड, अंगणवाडीची वही, काय असेल ते आणायला सांगायचे आणि खरी तारीख अंकात व अक्षरांत लिहायची. आपल्या मोहल्ल्यातल्या वाचकांनीही आज घरी जाऊन मुलांचे दाखले एकदा काढून पाहावेत.