काचबिंदूच्या थेंबांचा कॉर्नियावर काय परिणाम होतो?

काचबिंदूचे थेंब एकदा सुरू झाले की बहुतेकांना ते आयुष्यभर घालावे लागतात. त्यांचे काम डोळ्यातला दाब कमी ठेवणे. पण थेंब सर्वांत आधी पडतो तो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर. वर्षानुवर्षांच्या वापराने या पडद्याची जाडी आणि ताकद किंचित बदलू शकते, आणि दाबाचा आकडा फसवा येऊ शकतो.

कॉर्निया मजबूत कशामुळे असतो?

कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात कोलॅजनचे तंतू थरांवर थर रचलेले असतात. याच तंतूंमुळे कॉर्निया आतला दाब सोसतो आणि गोलाई टिकवतो.

कोणते थेंब काय करतात?

प्रोस्टाग्लँडिन गट (लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट): हे थेंब कोलॅजन विरघळवणारी विकरे वाढवतात. त्यामुळे डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायची वाट मोकळी होते. हीच विकरे कॉर्नियातल्या कोलॅजनवरही काम करू शकतात. अनेक अभ्यासांत दीर्घ वापरानंतर कॉर्निया काही मायक्रॉनने पातळ झालेला दिसला आहे. गोलाईतला बदल मात्र सहसा फार थोडा असतो.

डॉर्झोलामाइड: कॉर्नियातले जास्तीचे पाणी उपसून टाकणाऱ्या आतल्या पेशींच्या कामात हे औषध अडथळा आणू शकते. या पेशी आधीच कमजोर असतील तर कॉर्निया सुजून नजर धुरकट होऊ शकते.

टिमोलॉल: याने कॉर्नियाची संवेदना कमी होऊ शकते.

बेंझाल्कोनियम क्लोराइड: हे औषध नव्हे, बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेला घटक. याने कॉर्नियाचा वरचा थर दुखावतो. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. हा घटक नसलेले थेंबही मिळतात.

दाबाचा आकडा का फसतो?

गोल्डमन टोनोमीटर हे यंत्र कॉर्निया हलकेच दाबून सपाट करते आणि त्याला लागलेल्या जोरावरून दाब काढते. कॉर्निया पातळ किंवा मऊ असेल तर कमी जोर पुरतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे थेंबांनी दाब उतरला, त्यातला थोडा भाग कॉर्निया बदलल्याचाही असू शकतो. उलटही घडते: दाब उतरला की कॉर्नियावरचा ताण घटतो आणि त्याची लवचिकता मोजमापात वाढलेली दिसते. म्हणून औषधाचा थेट परिणाम किती आणि दाब घटल्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते.

म्हणूनच डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. पॅकीमेट्रीने कॉर्नियाची जाडी मोजतात. नेत्रमज्जा आणि दृष्टिक्षेत्रही तपासतात.

तुम्ही काय करावे?

लेसिक झाले असेल, केराटोकोनस असेल किंवा कॉर्नियाचे ऑपरेशन झाले असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून थेंब घाला आणि १५ मिनिटांनी पुन्हा लावा.

नजर धुरकट झाली, डोळा दुखला किंवा सतत लाल राहिला तर लगेच दाखवा.

आणि हे वाचून थेंब बंद करू नका. कॉर्नियातला हा बदल बहुतेकांना जाणवतही नाही. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. त्रास होत असेल तर डॉक्टर थेंब बदलून देऊ शकतात.