रोमा-निष्कासन, फ्रान्समधील (२०१०)

रूमानिया व बल्गेरिया या देशांतून आलेल्या रोमा लोकांच्या अनधिकृत वसाहती उठवून त्यांना मायदेशी परत पाठविण्याची फ्रेंच शासनाची मोहीम. अशी परतपाठवणी तत्पूर्वीही होत असे व पुढेही चालू राहिली. तथापि एका वांशिक गटाचा नामनिर्देश करून शासकीय आदेश काढला गेल्यामुळे २०१० ची मोहीम यूरोपीय संघाच्या इतिहासात विशेष वादग्रस्त ठरली.

पार्श्वभूमी : रोमांचे पूर्वज मध्ययुगात भारतातून पश्चिमेकडे गेले, हे प्रामुख्याने भाषिक पुराव्यावरून सिद्ध झाले आहे. रोमानी भाषा इंडो-आर्यन कुलातील असून पाणी, कान, नाक यांसारखे तिच्यातील शब्द मराठी वाचकास सहज ओळखता येतात. पंधराव्या शतकात हे लोक पश्चिम यूरोपात पोहोचले. वॉलेकिया व मॉल्डेव्हिया या प्रांतांत ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलामगिरीत होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी व त्यांच्या साथीदारांनी लाखो रोमांची हत्या केली. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने भटक्यांना ओळखपुस्तिका बाळगणे सक्तीचे झाले आणि १९४० ते १९४६ या काळात त्यांतील हजारोंना छावण्यांत डांबण्यात आले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दोन भिन्न समूह होते. एक, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे व फ्रेंच नागरिकत्व असलेले फिरस्ते. आणि दुसरा, १९९० नंतर पूर्व यूरोपातून आलेले रोमा. या दुसऱ्या गटाची संख्या सुमारे १५,००० मानली जाई. १ जानेवारी २००७ रोजी रूमानिया व बल्गेरिया यूरोपीय संघात सामील झाल्यावर ते संघाचे नागरिक झाले. संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार अशा नागरिकास कोणत्याही सदस्य देशात तीन महिने राहता येते. त्यानंतर मात्र रोजगार किंवा निर्वाहाचे पुरेसे साधन असावे लागते. फ्रान्सने या दोन देशांच्या नागरिकांच्या नोकरीवर २०१३ अखेरपर्यंत निर्बंध ठेवले होते. परिणामी येण्यास मुभा, पण काम मिळविण्यास अडथळा, अशा पेचात हे लोक सापडले व शहरांच्या कडेला झोपड्या बांधून राहू लागले.

घटनाक्रम : जुलै २०१० मध्ये ल्वार-ए-शेर विभागात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण फिरस्ता ठार झाला. त्यानंतर संतप्त जमावाने सँतेन्याँ येथील पोलीस ठाण्यावर हल्ला केला. मृत तरुण व दंगलखोर फ्रेंच फिरस्त्यांपैकी होते. परदेशी रोमांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. तरीही २८ जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष नीकॉला सार्कोझी यांनी बोलाविलेल्या बैठकीत दोन्ही समूहांचा एकत्र विचार होऊन अनधिकृत वसाहती हटविण्याचे ठरले. ५ ऑगस्टच्या परिपत्रकाने तीन महिन्यांत ३०० वसाहती उठविण्याचा व त्यांत रोमांच्या वसाहतींना अग्रक्रम देण्याचा आदेश विभागप्रमुखांना देण्यात आला. १९ ऑगस्ट रोजी पहिली तुकडी विमानाने बूखारेस्टला रवाना झाली. स्वेच्छेने परतणाऱ्या प्रौढास ३०० यूरो व मुलास १०० यूरो मिळत. शासनाने यास ऐच्छिक परतपाठवणी म्हटले. परंतु घर पाडले गेल्यावर दिलेली संमती कितपत ऐच्छिक, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. संघाचे नागरिक असल्याने परतलेल्यांपैकी अनेकजण पुन्हा फ्रान्समध्ये आले.

प्रतिक्रिया : लोकमत दुभंगलेले होते. जनमतचाचण्यांत अनधिकृत वसाहती हटविण्यास बहुसंख्यांचा पाठिंबा दिसे. लोकांना देशाबाहेर पाठविण्याविषयी मात्र मतभेद तीव्र होते. ४ सप्टेंबर रोजी अनेक शहरांत निषेधमोर्चे निघाले. त्यांतील सहभाग पोलिसांच्या मते ७७,००० आणि संयोजकांच्या मते १,००,००० होता. माजी पंतप्रधान दॉमिनिक द व्हिल्पँ यांनी कठोर टीका केली, तर परराष्ट्रमंत्री बेर्नार कूश्नेर यांनी राजीनाम्याचा विचार केल्याचे सांगितले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फ्रेंच भाषेतून मानवी विविधतेच्या स्वीकाराचे आवाहन केले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-निर्मूलन समितीनेही चिंता व्यक्त केली.

९ सप्टेंबर रोजी यूरोपीय संसदेने निष्कासन थांबविण्याची मागणी करणारा ठराव ३३७ विरुद्ध २४५ मतांनी संमत केला. याच सुमारास परिपत्रकाचा मजकूर उघड झाला व १३ सप्टेंबर रोजी रोमांचा उल्लेख वगळून नवे परिपत्रक काढण्यात आले. दुसऱ्या दिवशी संघाच्या न्यायविषयक आयुक्त व्हिव्हियान रेडिंग यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या स्मृतीचा उल्लेख करून फ्रान्सची निर्भर्त्सना केली. १६ सप्टेंबरच्या ब्रूसेल्स शिखरपरिषदेत त्यावरून खडाजंगी झाली. इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी फ्रान्सची पाठराखण केली.

परिणाम : यूरोपीय आयोगाने अखेरीस भेदभावाचा आरोप न ठेवता, संचारस्वातंत्र्याचा निर्देश राष्ट्रीय कायद्यात पूर्णपणे समाविष्ट न केल्याचा मर्यादित मुद्दा घेतला, फ्रान्सने दुरुस्तीचे आश्वासन देताच १९ ऑक्टोबर रोजी कारवाई स्थगित झाली. ७ एप्रिल २०११ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ५ ऑगस्टचे परिपत्रक समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवून रद्द केले. त्याच वर्षी सामाजिक हक्कविषयक यूरोपीय समितीने फ्रान्सविरुद्ध निर्णय दिला. राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ऑलांद यांच्या कारकीर्दीत, २६ ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने वसाहत उठविण्यापूर्वी कुटुंबांच्या गरजांची पाहणी करण्याची सूचना दिली. तरीही वसाहती उठविणे चालूच राहिले. महायुद्धकाळातील भटक्यांच्या स्थानबद्धतेत फ्रान्सचा वाटा असल्याचे ऑलांद यांनी २०१६ मध्ये मान्य केले.

यूरोपीय कायद्यानुसार सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव हद्दपारी करावयाची तर ती त्या व्यक्तीच्या वर्तनावरच आधारलेली असावी लागते. एका जमावाच्या कृत्याचे उत्तरदायित्व दुसऱ्याच समूहावर, केवळ समान मानल्या गेलेल्या वंशामुळे टाकले जाऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. न्यायालयाने आदेश रद्द केला, तेव्हा त्यात लक्ष्य केलेल्या अनेक वसाहती आधीच जमीनदोस्त झाल्या होत्या.