निस्तार, झुडपी, अभयारण्य : बोरच्या वनाचे शब्द आणि त्यांचा इतिहास

देवळी हे नाव प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना एका ताम्रपटामुळे परिचित आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ मधील, म्हणजे इ. स. ९४० मधील, हा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळाला व रा. गो. भांडारकरांनी तो संपादून प्रसिद्ध केला. नागपूर-नंदिवर्धन या विभागातील एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. राष्ट्रकूटांची वंशावळ निश्चित करण्यासाठी या ताम्रपटाचा उपयोग झाला, हे सर्वश्रुतच आहे. आमचे लक्ष मात्र त्यातील एका रूढ, जवळजवळ यांत्रिक वाटणाऱ्या भागाकडे जाते. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा तेथे सांगितल्या आहेत : पूर्वेला अमुक, दक्षिणेला तमुक. दानपत्राला जे हवे असते ते गाव आणि त्याचा महसूल. त्या सीमांपलीकडे जे उरते, ज्याला कोणी देत नाही आणि कोणी घेत नाही, त्याला लेखात जागा नसते. वनाचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे. वन दीर्घकाळ दस्तऐवजांच्या बाहेर राहिले. आणि ज्या दिवशी ते दस्तऐवजात आले, त्या दिवसापासून ते कोणाचे हा वाद सुरू झाला.

प्रस्तुत लेखात आम्ही बोर या वनक्षेत्राचा विचार करणार आहोत. देवळी वर्धा शहराच्या नैऋत्येला, तर बोर ईशान्येला, सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके. एक काळ्या जमिनीचे व कापसाचे, दुसरे मुरमाड टेकड्यांचे व सागाचे. या दोन टोकांचा इतिहास वेगळा नाही, हे दाखवणे हाच या लेखाचा हेतू.

भूगोल आधी पाहू. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. नदीकाठच्या सपाटीवर या खडकाची झीज होऊन खोल काळी माती साचली. उत्तरेकडे मात्र सातपुड्याचे फाटे उतरतात, उतार वाढतो, माती टिकत नाही, मुरूम उघडा पडतो. बोर, धाम आणि नंद यांचे पाणी अखेर वणेच्या मार्गाने वर्धा नदीला मिळते. टेकड्यांच्या या पट्ट्यात साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबू यांचे शुष्क पानगळीचे वन आहे. उन्हाळ्यात ते अगदी उघडे होते. पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात ओळखू येत नाही. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रा, सांबर, चितळ आणि आमच्याकडे ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय, हे येथील प्रमुख प्राणी.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रदेश फार आधी भेटतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रम्’मध्ये विदर्भाचे दोन भाऊबंदांत विभाजन होते आणि वरदा नदी त्यांची सीमा ठरते. ही वरदा म्हणजेच आपली वर्धा. धामेच्या काठावरील पवनार हेच वाकाटकांचे प्रवरपूर, असे मत वा. वि. मिराशींनी मांडले. बोरच्या वनापासून फार दूर नसलेल्या केळझरला लोकपरंपरा महाभारतातील एकचक्रानगरी मानते. बकासुराची कथा तेथे आजही स्थळांसह सांगितली जाते. या कथेची ऐतिहासिकता हा येथे प्रश्नच नाही. गाव रोज एक गाडा अन्न रानाकडे पाठवते आणि त्या बदल्यात उरलेले सुरक्षित राहते, या व्यवहारात गाव आणि रान यांच्यातील भय व देवघेव यांची जी स्मृती आहे, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. ज्या गावाने ही कथा आपली म्हणून ठेवली, त्याला रान शेजारीच आहे याची जाणीव होती.

आधुनिक इतिहासाची सुरुवात कापसापासून करावी लागते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळील कवठा येथे, म्हणजे आजच्या देवळी तालुक्यात होते. पुढे १८६६ मध्ये ते पालकवाडी येथे हलवून तेथे वर्धा शहर वसवले गेले. हा काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-वर्धेच्या काळ्या मातीकडे साम्राज्याचे लक्ष वळले. वर्धेची जमाबंदी करणारे रिव्हेट-कारनॅक हेच पुढे या प्रांताचे कापूस आयुक्त झाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. देवळी, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव ही कापसाची गावे वाढत गेली.

कापसाने जमिनीची प्रतवारी केली. जेथे काळी माती होती तेथे नांगर गेला; जेथे मुरूम होता तेथे तो थांबला. बोरचे रान आज उभे आहे, त्यामागे त्या काळी कोणाचे वनप्रेम होते असे म्हणता येणार नाही. कापसाने नाकारलेली जमीन म्हणून ते प्रथम शिल्लक राहिले. पण शिल्लक राहिलेल्या गोष्टीचीही किंमत त्याच रेल्वेने वाढवली. स्लीपरांना लाकूड हवे होते, जिनिंगच्या बॉयलरांना जळण हवे होते, वाढत्या गावांना बांबू आणि बल्ल्या हव्या होत्या. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे या पार्श्वभूमीवर आले आणि १९२७ च्या कायद्याने त्यांना आजचे रूप दिले.

या कायद्यांनी वनाचे मुख्यतः दोन वर्ग केले : राखीव आणि संरक्षित. भाषेच्या अभ्यासकाने या दोन शब्दांमागील वाक्यरचना पाहावी. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगी दिलेले नाही ते सर्व निषिद्ध. संरक्षित वनात जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही ते सर्व मोकळे. एका ठिकाणी निषेध हा नियम व परवानगी हा अपवाद. दुसऱ्या ठिकाणी नेमके उलट. गावकऱ्याच्या आयुष्यात या व्याकरणाचा अर्थ असा, की त्याच ओढ्याच्या एका काठावर गाय चारणे हा रोजचा व्यवहार होता आणि दुसऱ्या काठावर तो गुन्हा होता.

यातूनच ‘निस्तार’ हा शब्द महत्त्वाचा ठरला. संतसाहित्य वाचणाऱ्यांना तो सुटका, तरून जाणे या अर्थाने ठाऊक आहे. मध्य प्रांताच्या महसुली भाषेत मात्र निस्तार म्हणजे गावाच्या दैनंदिन गरजांची पूर्तता : सरपण, चराई, बैलगाडीचे व घराचे लाकूड, गवत, पाण्याची वाट. गावोगावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये आणि निस्तारपत्रकांत हे हक्क नोंदले गेले. आध्यात्मिक सुटकेचा शब्द सरपणाच्या मोळीपर्यंत कसा पोहोचला, याचा शोध कोशकारांनी घ्यावा. आम्हाला इतकेच म्हणायचे आहे, की ज्याने कोणी हा शब्द प्रथम या अर्थाने वापरला, त्याला उन्हाळा तरून जाणे म्हणजे काय हे माहीत असावे. हे हक्क आकसत गेले तेव्हा त्याची प्रतिक्रिया राजकारणात उमटली. १० जुलै १९३० रोजी वर्धा नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात, पुसद येथे, लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव वनातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मिठाप्रमाणेच गवताचा भाराही कायदेभंगाचे साधन होऊ शकतो, हे विदर्भाने दाखवून दिले.

गवताचा उल्लेख आला म्हणून येथे एका पशुजातीची आठवण करून द्यावी लागेल. गवळाऊ ही पांढरी, चपळ गाय वर्धा-नागपूरच्या याच टेकड्यांची. नंदगवळ्यांनी ती रानच्या चराईवर जोपासली. सेवाग्राम आणि पवनारच्या परिसरात गांधीजी, विनोबा व जमनालाल बजाज यांच्या प्रेरणेने जे गोसेवेचे काम उभे राहिले, त्यात या जातीला मान होता. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडीचे शासकीय केंद्र तिच्याच जतनासाठी आहे. गवळाऊचा इतिहास हा वनाचाच इतिहास आहे. चराई बंद झाली की कळप घटतो, आणि कळप घटला की आखर, ढोरकी, पांदण हे शब्दही हळूहळू बिनकामाचे होतात.

स्वातंत्र्यानंतर, वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि मालगुजारांच्या ताब्यातील पडीक व झाडोऱ्याची जमीन शासनाकडे आली. तिला महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हटले गेले. १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शब्द त्याच्याबरोबर आला. झुडपी म्हणजे झाडे म्हणावीत इतकी न वाढलेली, मुरमाड जमिनीवरील खुरटी वाढ. दप्तरातील कारकुनाने वर्णन म्हणून लिहिलेला हा शब्द १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर कायदेशीर पेच बनला. झुडपी जंगल हे ‘जंगल’ आहे काय? पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत त्या जमिनींवर वस्त्या, शाळा, स्मशाने, कार्यालये उभी राहिली होती. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा प्रश्न होता. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी मात्र नियमित होण्याचा मार्ग मोकळा ठेवण्यात आला. एका विशेषणाचा अर्थ लावण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला, हे समीक्षेच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आता बोर. १९६५ मध्ये हिंगणीजवळ बोर नदीवर धरण झाले. टेकड्यांच्या कुशीत बारमाही पाणी साठले आणि ज्या रानाला कोणी विशेष नाव दिले नव्हते ते ‘बोर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७० मध्ये, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या दोन वर्षे आधी, सुमारे ६१ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे नवीन बोर व नवीन बोर विस्तारित अभयारण्य त्याला जोडले गेले आणि २०१४ मध्ये बोर देशातील ४७ वा व्याघ्रप्रकल्प झाला. गाभाक्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. घोषणेच्या वेळी हा देशातील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखला गेला. त्याभोवतीचे बफर क्षेत्र मात्र सुमारे ६७८ चौरस किलोमीटर, म्हणजे गाभ्याच्या जवळजवळ पाचपट आहे.

‘अभयारण्य’ हा शब्द आपल्या परंपरेला परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आहे आणि तेथील प्राण्यांना मारणाऱ्यास दंडही सांगितला आहे. पण अभय कोणाला, हा प्रश्न शब्दातच दडलेला राहतो. गाभाक्षेत्रातील नवरगावचे पुनर्वसन झाले. गावाने जागा सोडल्यावर तेथे गवत वाढते, चितळ येतात, वाघ येतो. वनशास्त्राच्या दृष्टीने हे यशच आहे. बफरमधील शेतकऱ्याच्या दृष्टीने चित्र वेगळे असते. रोही आणि रानडुक्कर यांच्यापासून तूर व कापूस राखण्यासाठी त्याला रात्र रात्र जागलीला जावे लागते आणि त्याच वाटेवर वाघही असतो. आज ‘विरळ वस्तीचे क्षेत्र’ असे जे आपण म्हणतो, ती विरळता निसर्गाने दिलेली नाही. माती, कायदा, धरण आणि पुनर्वसन यांनी ती टप्प्याटप्प्याने घडवली आहे.

वाघालाही हे अभय पुरत नाही. १३८ चौरस किलोमीटरमध्ये वाढणारी पिल्ले सामावत नाहीत. त्यांना मेळघाट, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा यांच्या दिशेने जावे लागते. बोरचा ‘बाजीराव’ नावाने प्रसिद्ध असलेला वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. ताम्रपटातल्या चतुःसीमा माणसांपुरत्या होत्या. आज महामार्ग, कालवे आणि शेतांची कुंपणे यांनी चतुःसीमा वाघाला पडल्या आहेत.

मराठी साहित्याने वनाला काय दिले, हेही येथे तपासले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’, मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ व ‘रानवाटा’ यांनी पूर्व विदर्भाच्या वनांना मराठी गद्यात कायमचे स्थान दिले. २०२५ मध्ये चितमपल्लींचे निधन झाल्यावर त्या गद्याचा एक कालखंड संपला. बोरच्या वाट्याला अशी ओळख आली नाही. याचे एक कारण आम्हाला असे दिसते, की आपले वनवाङ्मय बहुधा अखंड, खोल, शहरापासून दूर असलेल्या रानाच्या शोधात राहिले. बोर तसे नाही. ते कापसाच्या शेतांत रुतलेले, धरणाने आकारलेले, गावांनी वेढलेले लहान रान आहे. त्याचे गद्य लिहायचे तर एकांताबरोबर निस्तारपत्रकही वाचावे लागेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ‘निस्तार’ हा शब्द थेट केंद्रीय कायद्यात घेतला आणि त्याला सामूहिक हक्काचा दर्जा दिला. गावाची भाषा कायद्यात शिरल्याचे असे उदाहरण विरळाच. परंतु कायद्यातला शब्द टिकावा, तर तो बोलणारी माणसेही असावी लागतात. सेलू, कारंजा, आर्वी या तालुक्यांतून आमच्या वर्गांत येणाऱ्या मुलांना आजोबांचे आखर माहीत असते, निस्तार मात्र अनेकांनी ऐकलेला नसतो. मराठी विभागांनी बोलीच्या प्रकल्पांत या शब्दांची गावनिहाय नोंद करावी : कोणते रान कोणत्या नावाने ओळखले जाई, कोठून सरपण येई, कोणत्या ओढ्यापर्यंत ढोरे जात. वनहक्काच्या दाव्यात वडीलधाऱ्यांचे कथन हा ग्राह्य पुरावा असतो, हे लक्षात घेतले तर अशा नोंदीचे मोल केवळ भाषिक राहत नाही. दहाव्या शतकातील लेखकाने गावाच्या चार सीमा तांब्यावर कोरून ठेवल्या, म्हणून त्या आज वाचता येतात. सीमेपलीकडच्या रानाची आणि त्यावर जगलेल्यांची नोंद तेव्हा कोणी केली नाही. ती करणे आता आपल्या हाती आहे.