अक्षराची शीव

शीव या शब्दाचा अर्थ सीमा. मुंबई बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, त्या जागेस हे नाव पडले. येथील टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर यांच्या कारकीर्दीत बांधला, तो ही सीमा राखण्यासाठीच. आज ज्या गोष्टीचा इतिहास आपणांपुढे मांडावयाचा आहे, तीही एक शीवच आहे. मात्र ती भूमीची नसून अक्षराची आहे.

संगणकाच्या पडद्यावर 'क' हे अक्षर काळे दिसते. परंतु यंत्राच्या पोटात तो काळा रंग साठविलेला नसतो. साठविलेली असते ती त्या रंगाची हद्द: काळे कोठे संपते आणि पांढरे कोठे सुरू होते एवढेच. ही हद्द काही मोजक्या बिंदूंनी बांधलेली असते. कारागीर त्यांना नोड म्हणतात. आपण गाठ म्हणू. वक्र रेषेवरील गाठीस एक वा दोन हँडले, म्हणजे मुठी, असतात. मूठ ओढली की रेषा वळते, गाठ सरकविली की रेषा सरकते. एवढ्या साध्या खेळावर आज पुस्तके, वर्तमानपत्रे, दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिका उभ्या आहेत. हा खेळ आला कोठून, आणि आपल्या लिपीस त्याने काय दिले, हा आजचा प्रश्न होय.

निकोप वक्ररेषा काढावी कशी, ही अडचण अक्षर कोरणाऱ्याच्या आधी जहाज बांधणाऱ्यास पडली. कोळीवाड्यात वाढलेल्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. होडीच्या अंगास कोठे खोच राहिली, तर ती डोळ्यास आधी खुपते आणि पाण्यास मागाहून. लहान होडीत सुताराची नजर पुरते. मोठ्या जहाजास आराखडा लागतो. तो काढताना कारागीर लाकडाची लवचिक पट्टी कागदावर वाकवीत आणि शिशाची वजने ठेवून ती जागच्या जागी धरीत. दोन वजनांच्या मधली वाट पट्टी आपली आपणच काढते. कमीत कमी ताण पडेल अशीच ती वाकते. वजने दाटीने ठेवली की रेषेस गचके बसतात. मोजकी आणि योग्य जागी ठेवली की ती वाहती राहते. इंग्रजीत या पट्टीस स्प्लाइन म्हणतात, आणि हाच शब्द पुढे गणितात शिरला.

असल्या आराखड्यांची एक गोष्ट मुंबईच्या गोदीत घडलेली आहे. 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका येथे बांधावयाची ठरली तेव्हा तिचे आराखडे विलायतेहून 'जावा' या जहाजाने निघाले. १८१२ च्या अखेरीस अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या झुंजीत 'जावा' नष्ट झाले आणि आराखडेही गेले. म्हणून दुसरी प्रत पाठवावी लागली. त्या प्रतीवरून जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली सागवानी नौका उभी राहिली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात लोटली गेली. इंग्लंडात हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे. या गोष्टीतील मर्म असे की, आकार हा लाकडाहून वेगळा काढून कागदावर दूरदेशी पाठविता येतो. संगणकातील अक्षरही असाच आराखडा आहे. शाई, कागद, पडदा हे सारे मागाहून येते.

आता जहाजाकडून अक्षराकडे वळू. देवनागरीचे धातूचे ठसे बंगालात श्रीरामपूर येथे पंचानन कर्मकार यांनी कोरले, आणि विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापून निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळे घडविले. त्याच छापखान्यात खिळे घासण्याचे काम करीत वाढलेला एक गरीब मुलगा पुढे जावजी दादाजी या नावाने प्रसिद्धीस आला. त्यांनी १८६४ साली अक्षरांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या अक्षरांचे सौंदर्य बऱ्याच अंशी राणोजी रावजी आरू या कारागिराच्या हातचे होते.

या कारागिराचे काम कसे चाले? पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. बाहेरची कड कानशीने घासावयाची, आतले पोट पोखरावयाचे. मधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीत धरून कागदावर उमटवावयाचे आणि पाहावयाचे. मनासारखे झाले की पोलाद कडक करून त्याचा ठसा तांब्यात ठोकावयाचा; त्या साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार. येथेही कारागीर अक्षर 'काढीत' नव्हता; तो त्याची हद्द ठरवीत होता. फरक इतकाच की, एकदा कापलेले पोलाद परत जोडता येत नसे, आणि अक्षराच्या प्रत्येक मापासाठी हा खटाटोप पहिल्यापासून करावा लागे.

या श्रमाची किंमत लिपीस मोजावी लागली. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून देवनागरीस शेकडो खिळे लागत. रोमन लिपीसाठी बनलेल्या यंत्रांत ते मावेनात. मग यंत्राऐवजी लिपीच छाटावी असे विचार बळावले. सावरकरांनी पुरस्कारिलेली 'अ'ची बाराखडी या विचारातलीच. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे आणण्याची शिफारस केली. ही माणसे लिपीची वैरी नव्हती. जुळाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत, ज्ञान स्वस्त व्हावे, हीच त्यांची तळमळ होती. परंतु लिपीने यंत्रापुढे वाकावे की यंत्राने लिपीपुढे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला, आणि त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले.

ते ठिकाण म्हणजे फ्रान्समधील मोटारींचे कारखाने. मोटारीच्या पत्र्याचा बाक अंकांत कसा सांगावा, या विवंचनेत सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली एक रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे तेच गाठले आणि प्रसिद्ध केले. म्हणून या वक्रांस बेझिए यांचे नाव मिळाले. गंमत अशी की, त्यामागचे बीजगणित रशियातील सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ सालीच मांडून ठेवले होते.

रीत शाळकरी मुलासही समजेल अशी आहे. चार बिंदू घ्या. पहिला व चौथा या गाठी. मधले दोन या मुठी. चारही ओळीने रेषांनी जोडले की तीन रेषा होतात. त्यांचे मध्य काढून जोडले की दोन रेषा; त्यांचेही मध्य जोडले की एक रेषा. तिचा मध्यबिंदू नेमका वक्रावर बसतो. मध्याऐवजी हवा तो हिस्सा घेतला की वक्रावरचा हवा तो बिंदू मिळतो. मुठीची दिशा ही गाठीपाशी रेषेची दिशा ठरते, आणि मुठीची लांबी म्हणजे त्या दिशेचा जोर. जहाजाच्या पट्टीवरील वजन आता कागदावरून उठून अंकांत जाऊन बसले.

मोटारीकडून अक्षराकडे ही रीत लवकरच आली. १९८४-८५ च्या सुमारास पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा निघाली. १९८६ साली फॉन्टोग्राफर आणि १९८७ साली इलस्ट्रेटर या आज्ञावलींनी गाठी आणि मुठी सामान्य चित्रकाराच्या हाती दिल्या. २००३ साली आलेली इंकस्केप तर विनामूल्य आहे. मात्र हत्यार स्वस्त झाले म्हणून हात तयार होत नाही. शिकाऊ माणूस गाठींवर गाठी मारतो आणि रेषेस टेंगळे येतात. मुरलेला कारागीर गाठी काढीत जातो. पूर्ण वर्तुळास चारच गाठी पुरतात. मुठी त्रिज्येच्या सुमारे ५५ टक्के लांब ठेवल्या की डोळ्यास चूक दिसत नाही. रेषा वाहती हवी तेथे गाठीच्या दोन्ही मुठी एका सरळ रेषेत ठेवाव्या लागतात. कोपरा हवा तेथे त्या मोडाव्या लागतात. आपल्या 'ळ'चे उदाहरण घ्या. दोन्ही गोलाया वाहत्या हव्यात, पण त्या जेथे मिळतात तेथे कोपरा हवा. तो गुळगुळीत केला तर 'ळ' लुळा पडतो. शिवाय आपल्या अक्षराची जाडी बोरूच्या तिरप्या कापातून आलेली आहे, आणि तो काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा आहे. रोमन अक्षरांच्या सवयीने जाड भाग ठेवला, तर अक्षर ओळखू येते, परंतु परके वाटते.

हे अंतर ज्यांनी ओळखले त्यांत रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे नाव अग्रभागी आहे. सुलेखनाचा हात असलेल्या या मुंबईकर कलावंताने पवईच्या आय. आय. टी.त अध्यापन केले, आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांची अक्षरे रचली. विंडोज २००० बरोबर घरोघर गेलेले 'मंगल' हे देवनागरी वळण त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले. ज्या वेलांटीस यंत्रात जागा नव्हती, ती डावीकडेच राहिली, जोडाक्षरेही परतली. यंत्र लिपीपुढे वाकले.

तथापि काम संपलेले नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे ठरविली. तरी पडद्यावर आणि पाट्यांवर हिंदी वळणाची रूपे सर्रास दिसतात. आज एकाच अक्षरसंचात दोन्ही रूपे ठेवून, मजकूर मराठी असेल तर मराठी रूप पुढे आणण्याची सोय आहे. म्हणजे अडचण यंत्राची उरलेली नाही. मागणी करण्याची आणि गाठी जुळविण्याची आहे. मुंबईतीलच एक टाइप या गटाने 'मुक्त' हे देवनागरी वळण खुल्या परवान्याने दिले आहे. त्याच्या गाठी उघडून पाहण्यास, शिकण्यास आणि बदलण्यास कोणासही मज्जाव नाही. निर्णयसागरच्या कारखान्यातील पोलाद असे कोणाच्याही हाती लागत नव्हते.

खुद्द 'शीव' हा शब्द लिहावयाचा तर पहिलेच अक्षर 'श' येते. ते मराठी देठाचे असावे की नसावे, हे आता परदेशी कारखानदार ठरवीत नाही. आपल्या मुलांपैकी कोणी गाठ कोठे ठेवील आणि मूठ किती ओढील, त्यावर ते ठरेल. भूमीची शीव राखावयास किल्ला लागला. अक्षराची शीव राखावयास तयार नजर आणि थोडी चिकाटी एवढेच पुरे आहे.