‘अजून काही ठरलं नाही’ म्हणणारी मुलं खरंच भरकटलेली असतात का?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? पटकन उत्तर देणारी मुलं समजूतदार ठरतात आणि ‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांची घरच्यांना काळजी वाटते. पण हा गोंधळ वाढीचाच भाग असल्याचं मानसशास्त्र सांगतं.

किशोरवय कधी संपतं?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. मेंदूची वाढ मात्र तिथे थांबत नाही. नियोजन करणं, परिणामांचा विचार करणं आणि स्वतःला आवरणं ही कामं सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत राहतो. भावना आणि उत्साहाशी संबंधित भाग त्याआधीच जोरात काम करू लागतात. त्यामुळे या वयात मित्रांच्या संगतीत धोका पत्करण्याची शक्यता वाढते.

‘मी कोण?’ हा प्रश्न कुठून येतो?

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये माणसाच्या विकासाचे आठ टप्पे मांडले. त्यातल्या पाचव्या, म्हणजे किशोरवयाच्या टप्प्यातलं मुख्य काम स्वतःची ओळख शोधणं हे असतं. त्यानंतर तरुणपणी जवळची, विश्वासाची नाती जोडण्याचा टप्पा येतो.

ओळख कशी घडते?

जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये दोन प्रश्नांवरून चार स्थिती सांगितल्या. पर्याय तपासले का? आणि निर्णय पक्का झाला का?

- तपासले आणि ठरवलं: ओळख गवसली.
- तपासणं सुरू आहे, ठरलेलं नाही: शोध चालू आहे.
- न तपासताच ठरवलं: घरच्यांनी दिलेली ओळख स्वीकारली.
- तपासलंही नाही, ठरवलंही नाही: दिशा सापडलेली नाही.

‘डॉक्टरच व्हायचं’ असं ठामपणे सांगणारा मुलगा तिसऱ्या स्थितीत असू शकतो आणि गोंधळलेली मुलगी दुसऱ्या. वरवर पाहता मुलगा पुढे वाटतो, पण प्रत्यक्षात शोध त्या मुलीचा सुरू असतो. या स्थिती कायमच्या नसतात, पुढे बदलू शकतात.

विशीतही काही ठरलं नसेल तर?

जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये १८ ते २५ या वयाला विकासाचा स्वतंत्र टप्पा म्हटलं. शिक्षण लांबलं, लग्नाचं वय वाढलं, त्यामुळे शोधाचा काळही वाढला. अर्थात, अठराव्या वर्षीच कमवावं लागणाऱ्यांना ही सवड मिळतेच असं नाही.

काळजी कधी करावी?

गोंधळ आणि त्रास यात फरक आहे. झोप किंवा भूक बिघडणं, मित्रांना टाळणं, सतत उदास राहणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. जीव नकोसा झाल्याचं मूल बोललं, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते.