उन्हाळे: एक नाम आणि त्याची गावे

अंधेरीला उतरा की बोरिवलीला, सलूनच्या पाटीखाली 'स्पा' हा शब्द आता हमखास दिसतो. आत तेल चोळून मिळते, वाफ मिळते, क्वचित गरम पाण्याचा टबही असतो. हा शब्द मुळात एका गावाचे नाव आहे. बेल्जियमच्या पूर्वेला, लिएज प्रांतातल्या डोंगराळ झाडीत स्पा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या झऱ्यांचे लोहयुक्त पाणी प्यायला सोळाव्या शतकापासून दूरदूरची माणसे येऊ लागली आणि इंग्रजांनी त्या गावाचे नाव उचलून औषधी पाण्याच्या इतर गावांनाही लावले. पुढे गाव गळून पडले आणि नुसती सेवा उरली. 'सालुस पेर आक्वाम', म्हणजे 'पाण्यातून आरोग्य', या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे स्पा, असे पुष्कळदा सांगितले जाते. ती जुळवाजुळव मागाहून झालेली आहे. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: स्पा गावातले ते प्रसिद्ध झरे थंड पाण्याचे आहेत!

तिकडे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. मराठीत याच विषयात नेमके उलट घडले आहे आणि माझ्या मते ते जास्त वेधक आहे. आपल्याकडे ऊन पाण्याच्या झऱ्याला स्वतःचा, सरळ, घरचा शब्द होता: उन्हाळे. नपुंसकलिंगी, एक उन्हाळे, अनेक उन्हाळी. हा शब्द बोलण्यातून हळूहळू निघून गेला आणि गावांच्या नावांत जाऊन बसला. राजापूरजवळ उन्हाळे हे गावच आहे. दापोली तालुक्यात उन्हवरे आहे, पालीजवळ उन्हेरे आहे. सह्याद्री ओलांडून गेलात तर जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि नांदेडमध्ये किनवटच्या बाजूला उनकेश्वर. या प्रत्येक ठिकाणी जमिनीतून ऊन पाणी येते आणि प्रत्येक नावाच्या तोंडाशी 'ऊन' आहे. जगात असे इतरत्रही झाले आहे. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिचे नाव तिथल्या भाषेतल्या 'उबदार' या अर्थाच्या शब्दावरून पडले, तेही ऊन पाण्याच्या झऱ्यांमुळेच. पण एका भाषेने पाच-सहा गावांच्या नावांत तोच शब्द असा जपून ठेवावा, हे आपल्याकडचे वैभव आहे.

मुंबईच्या उपनगरांतल्या माणसाला सगळ्यांत जवळची उन्हाळी म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. मुलुंड-घाटकोपरची माणसे ठाणे-भिवंडीमार्गे जातात, अंधेरी-बोरिवलीची वसई-विरारमार्गे. ही तीन गावे तानसा नदीच्या काठाने एकमेकांना लागून आहेत. एका दिवसात, रमतगमत, पायी हिंडावीत अशी. 'रमतगमत' हा शब्द मला अशा ठिकाणी फार आवडतो. त्यातला 'गमत' संस्कृत 'गम्', म्हणजे जाणे, याच्याकडे बोट दाखवतो खरा. पण मराठीत 'गमणे' म्हणजे मन लागणे, वेळ सुखात जाणे. विदर्भात आजही माहेरवाशीण सासरी 'गमत नाही' म्हणते, तेव्हा ती चालण्याबद्दल बोलत नसते. म्हणून रमतगमत जाणे म्हणजे नुसते सावकाश जाणे नव्हे, वाटेतच मन लागलेले असणे.

वज्रेश्वरी गावाचे जुने नाव वडवली. बोरिवलीकरांनी या नावापाशी थोडे थांबावे. 'वली' म्हणजे जुनी 'पल्ली', छोटी वस्ती. शब्दाच्या मध्ये आली की 'प'चा 'व' होतो. बोरी होत्या ती बोरिवली, वड होते ती वडवली. कांदिवली आणि डोंबिवलीही त्याच घरातल्या, आणि पालघरकडची सातिवलीही. सातिवलीलाही उन्हाळी आहेत. लोकल गाडीत रोज कानावर पडणारा हा प्रत्यय इथल्या डोंगरपायथ्याशी पुन्हा भेटतो, तेव्हा उत्तर कोकण हा सलग मुलूख आहे हे नकाशापेक्षा लवकर पटते.

देवीचे देऊळ टेकडीवर आहे, पायथ्यापासून 52 पायऱ्या. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी इथे नवस बोलला आणि 1739 मध्ये किल्ला हाती आल्यावर वसईचे सुभेदार शंकराजी केशव यांनी हे देऊळ बांधवून घेतले, ही सर्वांना ठाऊक असलेली हकीकत. देऊळ बाहेरून गढीसारखे दिसते, दगडी तटाचे. त्याआधी देवीचे ठाणे गुंज या गावी होते, असे सांगतात. 'वज्र' म्हणजे इंद्राचे अस्त्र आणि हिराही; दोन्हींत कठीणपणा समान. पण आपल्या न्हाणीघरातही एक वज्र असे, ते मात्र आपण विसरलो: टाचा घासायची 'वज्री'. खरखरीत दगडाची, भाजलेल्या मातीची किंवा पितळेची. आजीच्या न्हाणीत पाटाशेजारी ती असायचीच. दैवताच्या नावातला आणि टाचा घासण्याच्या वस्तूतला शब्द एकच असावा आणि तोही स्नानाच्या गावी आठवावा, याने मला खरोखर आनंद होतो.

देवळावरून उतरून बाजारातून अकलोलीकडे निघालात की दीडेक किलोमीटरवर नदी लागते आणि रामेश्वराच्या देवळाशेजारी दगडी बांधणीची कुंडे. 'कुंड' संस्कृतातून जसाच्या तसा आला. मुळात खोलगट भांडे. त्याचीच धाकटी 'कुंडी', जी आता गॅलरीत तुळशीसाठी असते. पण ही कुंडे म्हणजे माणसाने बांधलेली चौकट. आतून येणारे ते उन्हाळे. चौकटीचे नाव टिकले आणि आतल्या जिवंत पाण्याचे नाव गेले, इतकाच काय तो घोटाळा झाला.

काठावर बसून थोडा वेळ पाहावे. येणारा प्रत्येक जण आधी पाऊल टेकवतो आणि झटकन मागे घेतो. मग ओंजळीने पायांवर पाणी घेतो, गुडघ्यांवर घेतो, पुन्हा पाऊल. तळाच्या पायऱ्या शेवाळाने गुळगुळीत, म्हणून एक हात काठाच्या दगडावर घट्ट. मधूनच तळातून बुडबुड्यांची एक माळ सरळ वर येते आणि फुटते. गंधकाचा वास त्या क्षणी जाणवतो. काही कुंडांत सहज बसता येते, काहींत पाय ठेववत नाही. वयस्क बायका गुडघ्यांपर्यंत लुगडे खोचून पायरीवर बसतात आणि एकमेकींना दुखणी सांगतात. अशाच एका बाईंच्या तोंडून मी परवा 'विसण' हा शब्द ऐकला. "इथं विसण कुठनं आणायचं, देवानं दिलंय तसंच घ्यायचं," असे त्या सुनेला समजावत होत्या. कढत पाण्यात सोसवेल इतके थंड पाणी घालायचे, ते विसण. गीझर आला, पाणी नळातच बेताचे करून मिळू लागले आणि विसणाचे काम संपले. त्या आधी तांब्याचा बंब होता. हा 'बंब' पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पाणी उपसायच्या यंत्रावरून आला. म्हणून आग विझवणारी गाडीही बंब आणि न्हाणीतला पाणी तापवणाराही बंब. ज्यांच्याकडून वसई घेतली त्यांचा शब्द घरोघर सकाळी पेटत राहिला.

आता मूळ शब्दाकडे. संस्कृत 'उष्ण', प्राकृतात 'उण्ह', मराठीत 'ऊन्ह' आणि मग 'ऊन'. 'ष्ण'चा 'ण्ह' होणे ही प्राकृताची ठरलेली रीत. त्याच रितीने 'तृष्णा'ची 'तण्हा' झाली आणि तिची आपली 'तहान'. 'स्न' या जोडाक्षराचीही तीच गत. 'स्नान'चे 'ण्हाण' होऊन 'न्हाणे' आणि 'न्हाणी' आली. 'स्नुषा'ची 'सुण्हा' होऊन 'सून'. ऊन, तहान, न्हाण: उष्मा, त्याने लागलेली कोरड आणि तिच्यावरचा उतारा. तिन्ही शब्द त्याच 'ण्ह'मधून आले आहेत.

या 'ण्ह'साठी बोरिवलीकरांना दूर जायची गरजही नाही. कान्हेरीचा डोंगर लेण्यांतल्या शिलालेखांत 'कण्हसेल' असा येतो. कण्ह म्हणजे कृष्ण, काळा. सेल म्हणजे शैल. काळ्या खडकाचा डोंगर. 'कृष्ण'चा 'कण्ह' आणि 'उष्ण'चा 'उण्ह', म्हणजे कान्हेरीतला 'न्ह' आणि पालीजवळच्या उन्हेऱ्यातला 'न्ह' अगदी एकाच घडणीचे. त्याच शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कुणी भिक्खूसंघासाठी लेणे दान करतो आणि बरोबर पोढीही देतो. राष्ट्रीय उद्यानात सुटीच्या दिवशी चढून गेलेली मुले ज्या कातळातल्या टाक्यांत डोकावतात, त्याच या पोढ्या. 'पोढी' हा शब्द मात्र कुणाच्याच तोंडी राहिला नाही. लेणी दाखवताना मुलांना तो सांगावा, असे मला फार वाटते.

'ऊन'चा संसार मराठीत मोठा आहे. आकाशातून पडते ते ऊन आणि ताटात वाढतो तो ऊन ऊन भात. उष्णकाळ तो उन्हाळा. त्या दिवसांत लघवीला जळजळ होते, तिला उन्हाळी लागणे म्हणतात आणि त्यावर धने-जिऱ्याचे पाणी देतात. एवढे सगळे हाताशी असताना झऱ्याला मात्र आपण 'गरम पाण्याचे कुंड' म्हणू लागलो. 'गरम' फारसीतून आला. त्याच्याशी माझे वैर नाही, कारण तोही परका नाही: फारसी 'गर्म' आणि संस्कृत 'घर्म' हे सख्खे नातलग, आणि 'घर्म'चा मराठीत झाला 'घाम'. ग्रीक 'थर्मोस'ही त्याच कुळातला. प्रवासात चहा नेतो त्या थर्मासापर्यंत हे नाते पोचते. म्हणजे थर्मासातला गरम चहा पिऊन घाम आला, या एका वाक्यात एकच मूळ तीन वाटांनी येऊन भेटते. तरीही 'गरम पाण्याचा झरा' हे वर्णन आहे, नाव नव्हे. वर्णन कुणालाही करता येते. नाव मात्र त्या वस्तूशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनाच सुचते.

देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी इथली जुनी कथा आहे. भूविज्ञान सांगते ते असे: पावसाचे पाणी बेसॉल्टच्या थरांतल्या खोल भेगांतून मुरत जाते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला, तेव्हा ही ज्वालामुखीची धग नव्हे. सातिवलीपासून राजापूरपर्यंत कोकणची उन्हाळी सह्याद्रीच्या पायथ्याने जवळजवळ एका ओळीत येतात. भूविज्ञानाच्या मराठी लेखनात 'उन्हाळी' हा शब्द टिकून आहे, हे इथे आवर्जून सांगतो.

पुढे गणेशपुरी. भीमेश्वराचे देऊळ आणि त्याच्याजवळची कुंडे आधीपासूनची. 1936 च्या सुमारास नित्यानंद बाबा इथे येऊन राहिले आणि रानातल्या या जागेचे गाव झाले. 1961 मध्ये त्यांनी देह ठेवला. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलवाले, उपाहारगृहे, लॉज. पहाटे लवकर उठून कुंडावर जायचे, मग समाधीचे दर्शन, मग नाश्ता, हा इथला क्रम. पूर्वी डॉक्टर आजारातून उठलेल्या माणसाला 'हवापालट करा' म्हणत. अरबी 'हवा' आणि आपला 'पालट' यांचा तो छान समास. पण जुन्या बोलण्यात 'हवापाणी' होते. गाव कसे, तर हवापाणी चांगले. पाणी मानवते किंवा बाधते, पाणी लागते. थंड हवेच्या ठिकाणांनी हवेचा मान वाढवला आणि पाणी मागे पडले. माथेरानला आपण हवेसाठी जातो; वज्रेश्वरीला जाणारा माणूस 'देवीला जातो' म्हणतो आणि पाण्याचा लाभ त्यात धरलेलाच असतो.

ही तानसा उपनगरांना अनोळखी नाही. नदीवर वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, 1892 मध्ये धरण पूर्ण झाले आणि तिचे पाणी मुंबईला येऊ लागले. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जे अवाढव्य नळ वस्त्यांच्या मधून जाताना दिसतात, त्यांना लोक आजही 'तानसा पाइपलाइन' म्हणतात. जिच्या काठी उन्हाळी आहेत, तिचेच पाणी आपण शहरात तहानेला पितो आणि न्हाणीत अंगावर घेतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. अकलोलीच्या रस्त्यावरच्या पाट्यांवर, सहलींच्या जाहिरातींत, शाळेच्या भूगोलात 'उन्हाळे' हा शब्द पुन्हा लिहावा. ऋतूशी गोंधळ होईल, अशी शंका काढतात. ऋतू तो उन्हाळा, झरा ते उन्हाळे. लिंग वेगळे, रूप वेगळे. अनेकवचनी 'उन्हाळी' दुखण्याच्या नावासारखे होते हे खरे. पण 'अकलोलीची उन्हाळी पाहिली' आणि 'मुलाला उन्हाळी लागली' यांत कुणाची गल्लत होणार आहे?