कमरेचा जंबिया

शस्त्र अंगावर सुखानं कसं वागवायचं, हा प्रश्न पिस्तुलाहून जुना आहे. बिचवा अस्तनीत मावे, म्हणून तो लपवता येई. जंबियाचं तसं नव्हतं.

आमचं कंधार 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्याच्या फौजेत हद्रामौतचे अरब होते. त्यांचे वंशज मराठवाड्यात ‘चाऊस’ म्हणून ओळखले जातात. जंबियाचं वाकडं म्यान रुंद पट्ट्यावर पोटासमोर उभं बसे. चालताना ते मांडीला अडत नसे आणि समोरच्याला स्पष्ट दिसे. ते शस्त्र होतं, तशी ओळखही होती.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर ही ओळखच अंगाशी आली. अनेक अरब कैदेत गेले, काहींना देशाबाहेर धाडलं. मला वाटतं, लपवलेल्या शस्त्राची भीती वाटते. इथं मात्र उघड मिरवलेल्या शस्त्रानं माणसंच संशयित ठरली. पट्टे उतरले, ‘चाऊस’ हे आडनाव मात्र राहिलं.